फोर बाय फोरचं ॲव्हरेज : आधी वही, मग हवा, मग दांडा, शेवटी पाय

गाडी ॲव्हरेज देत नाही म्हटलं की माणूस आधी टाकीत ओतायची बाटली आणतो, मग सर्व्हिसिंगवाल्याशी भांडतो, मग कुणीतरी सांगितलं म्हणून टायर बदलतो. यातल्या एकाही वेळी त्याच्याकडे आकडा नसतो. ‘आता बरं वाटतंय’ किंवा ‘लईच पेते’ एवढ्यावर सगळा कारभार चालतो. केजकडच्या एका मित्राचं उत्तर तर ठरलेलंच आहे : “फोर बाय फोर हाय म्हनल्यावर पेनारच की.”

पिणार, हे खरं आहे. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी. पुढचा डिफरन्शियल (वळणावर चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा संच), ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) आणि जादाचा प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद पुढच्या चाकांकडे नेणारा फिरता रॉड) यांचं वजन गाडी कायम वागवते. वर बहुतेक अशा गाड्या उंच आणि चौकोनी. त्याच इंजिनाच्या साध्या गाडीइतकं ॲव्हरेज यातून निघणार नाही. पण मी जेवढ्या मित्रांच्या गाड्यांत शेजारी बसलो आहे, त्यात खरी उधळपट्टी यंत्रात कमी आणि चालवण्यात जास्त दिसली. चालवण्यातली दुरुस्ती क्रमाने केली तरच तिचा फायदा मोजता येतो. सगळं एकदम बदललं तर कशामुळे फरक पडला हे कधीच कळत नाही.

## सुरुवातीआधी : तुमची गाडी कुठल्या जातीची?

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे आणि निम्म्या लोकांना हेच ठाऊक नसतं.

थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी या गाड्यांना मोठ्या गिअरशेजारी छोटा दांडा असतो आणि त्यावर टू-एच (ताकद दोनच चाकांना), फोर-एच (चारही चाकांना), फोर-एल (चारही चाकांना, हळू पण जास्त जोराने) असं लिहिलेलं असतं. काही गाड्यांना दांड्याऐवजी बटण किंवा गोल नॉब असतो. यांना पार्ट-टाइम फोर बाय फोर म्हणतात. फोर-एच घातलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात, मध्ये सैल सोडणारा डिफरन्शियल नसतो.

दुसरी जात ऑल-व्हील-ड्राइव्हची. यात गाडी स्वतः ठरवते की मागच्या किंवा पुढच्या चाकांना कधी ताकद द्यायची. डस्टरच्या एडब्ल्यूडी मॉडेलला टू-डब्ल्यूडी, ऑटो आणि लॉक असं गोल बटण होतं, ते याच जातीतलं. अशा गाडीला ‘लॉक’चं बटण असेल तर खालचा तिसरा टप्पा तेवढ्यापुरता तुम्हालाही लागू. बाकीचे टप्पे दोन्ही जातींना सारखेच.

तपासणी : ग्लोव्ह बॉक्समधलं गाडीचं पुस्तक काढा आणि ‘फोर-एच कुठल्या वेगापर्यंत घालता येतं’ ते पान शोधा. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो. मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

## टप्पा १ : वही घाला

मीटरवर दिसणारं ॲव्हरेज खरं धरू नका. ते पुष्कळदा खऱ्यापेक्षा गोडच बोलतं. त्याचा उपयोग पुढे चौथ्या टप्प्यात आहे, पाय सुधारायला. हिशेब मात्र टाकी ते टाकीच करायचा.

१. एकच पंप ठरवा, शक्य तर एकच नोझल. टाकी फुल्ल करायला सांगा. नोझल पहिल्यांदा आपोआप ‘कट’ झाला की थांबा. पंपावरचा पोरगा “साहेब, राउंड फिगर करू का?” विचारतो, त्याला नाही म्हणा. त्या राउंड फिगरमध्येच हिशेब बिघडतो.

२. ट्रिप मीटर शून्यावर आणा.

३. रोजच्यासारखीच गाडी चालवा. या टप्प्यात काहीही सुधारू नका. तुमची खरी सवय किती पिते ते कळलं पाहिजे.

४. टाकी निम्म्याच्या खाली आल्यावरच पुन्हा त्याच पंपावर, त्याच पद्धतीने भरा. किलोमीटरला लिटरने भागा. समजा ४६२ किलोमीटर झाले आणि ३८.४ लिटर बसलं, तर १२.०३.

५. अशा सलग तीन टाक्या लिहा. प्रत्येक ओळीत तारीख, किलोमीटर, लिटर आणि एक शेरा : ‘दोनदा शेतात’, ‘लग्नाला सात माणसं’, ‘सगळं हायवे’. शेरा नसेल तर महिन्याभराने आकडा वाचून काही आठवत नाही.

टाकी निम्म्याखाली का? ‘कट’ कधी थोडा लवकर होतो, कधी उशिरा. एका लिटरचा फरक पडला आणि तुम्ही दहाच लिटर भरलं असेल, तर चूक दहा टक्क्यांची. चाळीस लिटर भरलं असेल, तर तीच चूक अडीच टक्क्यांवर येते. हजार-पाचशेचं डिझेल टाकून ॲव्हरेज काढणाऱ्यांचे आकडे म्हणूनच कधी नऊ, कधी सोळा येतात.

इशारा : मोठे टायर बसवले असतील तर मीटरच खोटं बोलतं. चाकाचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला तर गाडी १०० किलोमीटर चालते आणि मीटर सुमारे ९५ दाखवतं. म्हणजे वहीत ॲव्हरेज आहे त्यापेक्षा कमी दिसतं. फोनच्या जीपीएसवर वीस-पंचवीस किलोमीटरचा टप्पा मोजा, नाहीतर हायवेच्या कडेच्या पिवळ्या डोक्याच्या दगडांवरून ताडा, आणि तेवढी दुरुस्ती कायम वहीत धरा.

पेट्रोलवाल्यांसाठी एक गोष्ट. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या आकड्याशी आजचा आकडा जुळवत बसू नका. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. उसाच्या मुलखात राहून इथेनॉलला नावं ठेवणं अवघड आहे, पण हिशेब तर करावाच लागतो. आजची टाकी आजच्याच टाकीशी ताडा.

## टप्पा २ : हवा, टायर, ओझं

तीन टाक्या लिहून झाल्यावरच इथे या. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि यात पायाची सवय मोडावी लागत नाही, म्हणून आधी.

हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतं. त्यावर पुढच्या-मागच्या टायरची हवा लिहिलेली असते, पुष्कळदा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळी. पंक्चरवाला सगळ्या गाड्यांत एकच आकडा भरतो, कारण तो दिवसाला पन्नास गाड्यांत भरत असतो. तुम्ही स्टिकरचा आकडा सांगा.

हवा सकाळी थंड टायरला बघायची. गावापासून पंप आठ-दहा किलोमीटर असेल तर तिथे पोहोचेपर्यंत टायर तापतो आणि हवा जास्त दाखवतो. मे महिन्यात दुपारी परभणी-जालन्याच्या डांबरावर तर विचारूच नका. तापलेल्या टायरची ‘जादा’ हवा सोडून देणं ही फार नेहमीची चूक. संध्याकाळी टायर थंड झाला की तीच गाडी कमी हवेवर उभी असते. शंभर-दोनशे रुपयांचा गेज घरी ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा दारातच बघा. नायट्रोजनच्या मागे लागू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायर. मड-टेरेनचे, म्हणजे चिखलासाठीचे, जाड खोबण्यांचे टायर रस्त्यावर जास्त ओढ देतात, त्याखालोखाल ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या वाटांसाठीचे. शोभेसाठी मड-टेरेन लावून रोज लातूर-अंबाजोगाई करणाऱ्याने ॲव्हरेजची तक्रार करू नये, एवढंच मी म्हणेन. आणि आपल्या काळ्या मातीत त्यांचा वाटतो तेवढा उपयोगही नाही. ओली काळी माती खोबण्यांत अशी बसते की दोन फेऱ्यांत कुठलंही टायर गुळगुळीत होतं.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण एकसारखे झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे झिजलेले असले की पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा पडतो, आणि फोर-एचमध्ये सरळ जातानाही शाफ्ट एकमेकांशी भांडत राहतात.

ओझं. मागची सीट दुमडून एकदा सगळं बाहेर काढा. मी काढलं तेव्हा अर्धं भरलेलं युरियाचं पोतं, दोन पाण्याचे कॅन, जुनी बॅटरी आणि ठिबकच्या नळीचं भेंडोळं निघालं. युरियाचं भरलेलं पोतं ४५ किलोचं असतं. म्हणजे एक बारीक माणूस कायम मागे बसवून हिंडल्यासारखं. टपावरचं कॅरिअर तर लागेल तेव्हाच चढवा. आतलं ओझं गाडीला वेग घेताना जड जातं, पण टपावरचं कॅरिअर रिकामं असलं तरी हायवेवर वारा अडवून डिझेल खातं. पुढचा लोखंडी बुलबार अजून असेल तर काढाच. २०१७च्या डिसेंबरपासून त्यावर बंदी आहे. वजन गेलं हा वरचा फायदा.

तपासणी : सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरून चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. चिकटवू नका, नुसता जवळ न्या. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. चिखलात जाणाऱ्या गाड्यांत हे वरचेवर होतं. हे न काढता पुढचे टप्पे करणं म्हणजे हँडब्रेक ओढून ॲव्हरेज शोधणं.

## टप्पा ३ : दांडा

आता मूळ दुखणं.

पार्ट-टाइम गाडी फोर-एचमध्ये कोरड्या डांबरावर चालवायची नसते. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, म्हणजे त्यांना जास्त फिरावं लागतं. पण फोर-एचमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधलेला असल्यामुळे ते शक्य नसतं. चिखलात, वाळूत किंवा मुरमावर चाक थोडं घसरून हा ताण मोकळा करतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो. डिझेल जातं, टायर जातात, आणि एखाद दिवशी ट्रान्सफर केसही जाते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तरी केलं. जुलैत शेतातून निघालो, पांदणीतला राडा संपला, डांबर लागलं आणि फोनवर बोलणं चालू होतं. तीसएक किलोमीटर तसाच आलो. मीटरमधला हिरवा दिवा पेटलेलाच होता, पण माझ्या बसण्याच्या उंचीला तो नेमका स्टेअरिंगच्या दांडीआड जातो. पंपावर वळवताना गाडीला कुणीतरी मागून धरल्यासारखं झालं. स्टेअरिंग जड, टायर चर्र चर्र करत उड्या मारल्यासारखे. दांडा टू-एचला ओढला तर हलेना. पंपावरचा पोरगा म्हणाला, “काका, गिअर अडकला वाटतं.” गिअर अडकला नव्हता, तीस किलोमीटरचा पीळ अडकला होता.

असा अडकलेला दांडा ताकदीने ओढू नका. स्टेअरिंग सरळ करा, रिव्हर्समध्ये सात-आठ मीटर सरळ मागे जा, ॲक्सिलरेटर सोडा आणि मग हळूच ओढा. बहुतेक वेळा सुटतो. कडेला माती असेल तर दोन चाकं मातीवर घेतली की आणखी सोपं.

सवय लावायचा क्रम असा :

१. डांबर संपताना, चिखलात शिरण्याआधीच फोर-एच घाला. रुतल्यावर घालणं ही दुसरी चूक, तिच्याविषयी पुढे.

२. डांबर परत लागलं की पहिल्या पन्नास मीटरमध्ये टू-एच.

३. दांडा हलला म्हणजे काम झालं असं नाही. मीटरवरचा दिवा विझला का ते बघा. लुकलुकत असेल तर आतून अजून सुटलेलं नाही. थोडं सरळ पुढे-मागे करा.

४. जुन्या जीप-जिप्सीला पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब असतील तर तेही ‘फ्री’ करा. ते ‘लॉक’ राहिले तर टू-एचमध्येही पुढचे ॲक्सल उगाच फिरत राहतात.

फोर-एलबद्दल गैरसमज उलट्या बाजूचा आहे. “फोर-एल फार पितं” म्हणून लोक ते घालतच नाहीत आणि खड्या चढावर, रुतलेल्या ट्रॉलीला ओढताना फोर-एचच्या पहिल्या गिअरवर हाफ क्लच घासत बसतात. फोर-एलमध्ये किलोमीटरमागे जास्त जातं हे खरं, पण ते पन्नास-शंभर मीटरचंच काम असतं. तिथे वाचवलेलं डिझेल क्लच प्लेटच्या बिलात निघतं. गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल, क्लच दाबून फोर-एल, काम झालं की परत.

तपासणी : आठवडाभर गाडीत बसल्यावर पहिली नजर छोट्या दांड्यावर. घरात कुणी दुसरंही गाडी चालवत असेल तर ही नजर दुप्पट गरजेची.

## टप्पा ४ : उघड्या रस्त्यावरचा पाय

आता टू-एचमध्ये, योग्य हवेवर, रिकाम्या डिकीने एक टाकी जाळा आणि आकडा लिहा. त्यानंतर पाय.

वेग. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की वाऱ्याचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो, नेमका ५६ टक्क्यांनी. १०० वरून १२० वर गेलात की आणखी ४४ टक्क्यांनी. उभ्या काचेची, चौकोनी बोनेटची गाडी म्हणजे वाऱ्यासमोर धरलेलं कपाटच. तिला हा भुर्दंड कारपेक्षा जास्त बसतो. समृद्धीवर कारला १२० पर्यंत परवानगी आहे म्हणून १२० लाच काटा ठेवायचा असं कुठे लिहिलेलं नाही. १०० किलोमीटरच्या टप्प्यात १०० च्या वेगाने एक तास लागतो, १२० ने पन्नास मिनिटं. जालन्याहून शिर्डीकडे निघालेल्या माणसाने त्या दहा-वीस मिनिटांची किंमत स्वतः ठरवावी. मी ९०-९५ वर, डाव्या लेनमध्ये जातो आणि चहाला एकदा कमी थांबतो.

गिअर. डिझेल गाडीत सपाटीवर साधारण २००० आरपीएमच्या आसपास वरचा गिअर, पेट्रोलला त्याहून थोडं पुढे. पण ‘वरचा गिअर म्हणजे बचत’ हे डोक्यात घेऊन ४० ला पाचवा टाकू नका. इंजिन धडधडायला लागलं, पाय दाबूनही गाडी उचलत नाही, म्हणजे तुम्ही तिला रगडताय. एक गिअर खाली या.

ब्रेक. ॲव्हरेजचा चोर लोक ॲक्सिलरेटरमध्ये शोधतात. मला तो ब्रेकमध्ये सापडला. प्रत्येक जोराचा ब्रेक म्हणजे आधी डिझेल जाळून मिळवलेला वेग, जो तुम्ही तापवून फेकून देता. आपल्याकडचे रस्ते यासाठी भारीच. गळीत हंगामात केज, धारूर, कळंब भागात उसाच्या ट्रॉल्या, दर गावाला दोन-तीन स्पीड ब्रेकर, त्यातले निम्मे बिनापट्ट्याचे. नेहमीचा चालक काय करतो? ट्रॉली दिसली की तिच्या बुडाशी जाऊन ब्रेक, मग रेस, समोरून बस, परत ब्रेक. असं पाचदा.

त्याऐवजी ट्रॉली लांबून दिसताच पाय सोडा. गिअर काढू नका. मागे चार-पाच गाड्यांचं अंतर ठेवून तिच्याच वेगाने चला, रस्ता लांबवर मोकळा दिसला की एक गिअर खाली आणि मोकळ्या पायाने एकदाच पुढे निघा.

इशारा : ओव्हरटेक करताना डिझेल वाचवायचं नाही. अर्ध्या पायाने ट्रॉलीशेजारी रेंगाळणं ही बचत जिवावर बेतते.

तपासणी : मीटरवर क्षणाक्षणाचं ॲव्हरेज दिसत असेल तर ते आता लावा. पाय सोडल्यावर आकडा एकदम टोकाला जातो. गावाच्या पाटीपासून पहिल्या स्पीड ब्रेकरपर्यंत तो किती वेळ टोकाला राहतो ते बघा. दोन दिवसांत पाय आपोआप लवकर सुटायला लागतो.

## टप्पा ५ : घाट

बीडहून मांजरसुंब्याकडे चढताना किंवा चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना चूक एकच : चढ लागेपर्यंत वरच्या गिअरवर रेटायचं आणि गाडी मेल्यावर गिअर टाकायचा. चढ सुरू होतानाच एक गिअर खाली या आणि एकसारख्या पायाने चढा. क्रूझ कंट्रोल असेल तर घाटात बंद करा. वेग धरून ठेवायच्या नादात तो चढावर विनाकारण रेस देतो.

उताराची चूक मात्र जीवघेणी आहे आणि ती ‘बचत’ म्हणूनच केली जाते : न्यूट्रल. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात, डिझेल असो वा पेट्रोल, गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसेल तर इंधनाचा पुरवठा बंद होतो. चाकंच इंजिन फिरवतात. आरपीएम फार खाली गेल्यावरच तो पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलमध्ये टाकलं की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे ते इंधन पितं. वर सगळा भार ब्रेकवर येतो आणि दोन टनांच्या आसपासच्या गाडीचे ब्रेक तापले की पॅडलला काही उरत नाही. न्यूट्रलची सवय जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांतून आलेली आहे. ती त्या गाड्यांबरोबरच जायला हवी होती.

ज्या गिअरवर हा घाट चढलात, साधारण त्याच गिअरवर उतरा.

## टप्पा ६ : काळी माती

इथे आधी गाडीतून उतरा आणि चालत जा. बूट घोट्यापर्यंत जात असेल, खाली टणक लागत असेल तर गाडी जाईल. बूट निघताना मातीचा गोळा बरोबर येत असेल आणि खाली काहीच टणक लागत नसेल, तर गाडी डांबराच्या कडेला लावा आणि शेतात पायी जा. पाऊस उघडल्यावर दोन कडक उन्हं पडली की तीच पांदण साधी गाडीही पार करते. गाडी फोर बाय फोर आहे हे शेजारच्या शेतकऱ्याला दाखवण्यासाठी जेवढं डिझेल मराठवाड्यात जळतं, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो.

जायचंच असेल तर :

१. फोर-एच आधीच. दुसरा गिअर, कमी पण एकसारखी रेस. मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही.

२. चाक जागेवर फिरायला लागलं की पाय लगेच सोडा. रेस वाढवली तर चाक खड्डा खोल करतं आणि डिझेल चिखल उडवण्यात जातं. थोडं मागे घ्या, चाकं डावी-उजवी हलवा, पुन्हा त्याच चाकोरीतून.

३. तिसऱ्या प्रयत्नात निघाली नाही तर इंजिन बंद करा आणि फावडं किंवा ट्रॅक्टर. चौथ्या प्रयत्नात फक्त क्लचचा वास येतो.

४. हवा कमी करून गेला असाल तर डांबरावर आल्याबरोबर परत भरा. त्यासाठी छोटा पंप गाडीत हवा. ‘उद्या भरू’ म्हणून त्याच हवेवर पन्नास किलोमीटर आलात तर टायर तापतो, आणि मोठा वेग असेल तर फुटतोही.

तपासणी : घरी आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. बाहेरून पाणी मारलं की गाडी स्वच्छ दिसते, पण आत बोटभर जाडीची काळी माती चिकटलेली राहते. दोन दिवसांत ती वाळून दगड होते. मग ७०-८० ला स्टेअरिंग थरथरतं आणि माणूस अलाइनमेंटवाल्याकडे पळतो. एकदा स्क्रूड्रायव्हरने खरवडून मी चारही चाकांतून निम्मं घमेलं माती काढली. अलाइनमेंटचे पैसे त्याच्या आदल्या दिवशी दिले होते.

## टप्पा ७ : गावात आणि फाटकावर

यात फार काही नाही. सकाळी गाडी चालू करून पाच-पाच मिनिटं तापवत ठेवायची गरज आपल्या हवेत नाही. अर्धा मिनिट पुरे, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश. रेल्वे फाटक पडलं, मोंढ्यात ट्रक आडवा लागला, की इंजिन बंद. घाट चढून किंवा जोरात येऊन लगेच थांबलात तर टर्बोसाठी (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) अर्धा-एक मिनिट चालू ठेवा आणि मग बंद करा.

एसी मे महिन्यात बंद ठेवा असं सांगणारा माणूस संभाजीनगरला जालना रोडवर दुपारी दोनला सिग्नलला थांबलेला नसावा. लावा. फक्त उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर काचा बंद करून फुल्ल लावू नका. चारही दारं मिनिटभर उघडी ठेवा, पहिला अर्धा किलोमीटर काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग एसी. गावातल्या वेगात काचा उघड्या चालतात. हायवेवर उघड्या काचा वाराच अडवतात, तिथे एसीच बरा.

बीएस-सहा, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या निकषांतल्या, डिझेल गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा. सायलेन्सरच्या वाटेतल्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती जाळायला गाडी अधूनमधून जादा डिझेल वापरते. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत हे काम अर्धवट राहतं आणि पुन्हा पुन्हा सुरू होतं. पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं सलग हायवेवर चालवा, आणि फिल्टर साफ होत असल्याचा दिवा लागला असेल तर मध्येच बंद करू नका.

## टप्पा ८ : एवढं करूनही आकडा हलला नाही तर

आता मेकॅनिककडे जा, पण वही घेऊन. ‘ॲव्हरेज नाही’ असं सांगितलं तर तो इंजेक्टरपासून सुरुवात करतो. तुम्ही सांगा : इतक्या टाक्या, इतका आकडा, हवा या मापाची, टू-एचमध्ये, एकही चाक तापत नाही. मग त्याला पुढच्या क्रमाने बघायला लावा.

आधी एअर फिल्टर. उन्हाळ्यात मातीच्या रस्त्यावर हिंडणाऱ्या गाडीचा फिल्टर सर्व्हिसिंगच्या तारखेची वाट बघत नाही. हवा मारून साफ करायचा असेल तर आतून बाहेर आणि कमी दाबाने. बाहेरून आत मारली की धूळ कागदात आणखी रुतते. मग व्हील अलाइनमेंट; टायरची आतली कड जास्त झिजली असेल तर तेच कारण. मग क्लच. चढावर आरपीएम वाढतो आणि गाडीचा वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय आणि ताकद चाकापर्यंत पोहोचत नाही. मग पुढचा-मागचा डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस यांचं तेल : पातळी, आणि पाणी शिरल्याची खूण. नदी-ओढ्यातून गेलेल्या गाडीचं तेल दुधाळ झालेलं असेल तर लगेच बदला. इंजेक्टर यानंतर.

प्रत्येक दुरुस्तीनंतर एक टाकी, एक ओळ, एक शेरा. दोन दुरुस्त्या एका दिवशी केल्या असतील तर शेऱ्यात दोन्ही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला श्रेय द्यायचं यावर मेकॅनिकशी वाद होणार नाही.